चांच्यांचा बुडालेला बोलपट

विनोदी चित्रपट काढणारीं माणसें तो काढतांना स्वतःहि हंसत असतील, अशी आपली उगाच एक समजूत असते. आज मी ज्या चित्रपटाविषयीं बोलणार आहें, तो लोकांना हंसविण्याकरितांच योजलेला होता. पण त्याचें चित्रण संपलें तेव्हां त्यांत गुंतलेल्या मंडळींपैकीं हंसण्यासारखी मनःस्थिति कोणाची उरली असेल, असें मला वाटत नाहीं. 'घोस्ट इन द नूनडे सन', म्हणजे भर दुपारच्या उन्हांतलें भूत, हें त्याचें नांव. १९७३ सालच्या उत्तरार्धांत सायप्रस बेटावर त्याचें चित्रण झालें. पीटर सेलर्ससारखा जगद्विख्यात विनोदी नट त्यांत होता, अमेरिकेंतील कोलंबिया या बलाढ्य कंपनीचा पैसा त्यामागें होता, समुद्र होता, गलबत होतें, पुरलेला खजिना होता. चित्रपट पुरा झाला आणि कंपनीनें तो पाहून कपाटांत ठेवून दिला. रीतसर चित्रपटगृहांत तो लागलाच नाहीं.

आपणां श्रोत्यांना या दूरच्या हकीकतीशीं काय कर्तव्य, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें एक उत्तर असें कीं, या कथेचा एक धागा आपल्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, लष्करी छावणींतून निघतो. स्पाइक मिलिगन हा इंग्रजी विनोदांतील अलौकिक लेखक १६ एप्रिल १९१८ रोजीं तेथें जन्मला. वडील ब्रिटिश तोफखान्यांत नोकरीस. पोराचें बाळपण पुण्याच्या कँपांत गेलें, कॉन्व्हेंट शाळेंत तो शिकला, पुढें वडिलांबरोबर रंगूनला गेला आणि ऐन पोरवयांत, ज्या इंग्लंडाला स्वदेश म्हणावयाचें त्या इंग्लंडांत प्रथमच राहावयास गेला. सायप्रसच्या या चित्रपटांत त्यानें जें चांच्याचें पात्र रंगविलें, त्याचें नांव 'बिली बाँबे' असें आहे. नांवाची ही गंमत केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यास मन तयार होत नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं, ही हकीकत मुळांत नभोवाणीची आहे, आणि ती नभोवाणीवरूनच सांगणें योग्य. मिलिगन आणि सेलर्स यांची जोडी जमली ती लंडनच्या बी. बी. सी. च्या ध्वनिक्षेपकासमोर. २८ मे १९५१ रोजीं त्यांचा जो कार्यक्रम सुरू झाला, तो पुढें 'गून शो' या नांवानें १९६० च्या जानेवारीपर्यंत चालला. गायक हॅरी सीकोम हा तिसरा. प्रयोग दोनशेंहून अधिक झाले आणि त्यांचें लेखन मुख्यत्वेंकरून मिलिगनच्या शिरावर. त्या ओझ्याखालीं त्याचें मन पहिल्या दोन वर्षांतच एकदां पार मोडून पडलें होतें. कार्यक्रमांत कथानक म्हणून कांहींतरी असे. पण खरी करामत ध्वनींची. मनुष्य दार उघडी, आणि त्या दारापलीकडे हिमालय असे. नाव वल्हवतां वल्हवतां ती थेट दिवाणखान्यांतून बाहेर पडे. एक प्रसिद्ध गोष्ट सांगतात. कस्टर्डनें भरलेला मोजा भिंतीवर आपटल्याचा आवाज मिलिगनला पाहिजे होता. त्यानें उपाहारगृहांतून कस्टर्ड मागविलें. करणार्‍या बाईनें बिचारीनें तें प्रेमानें, खाण्यासाठींच म्हणून, करून दिलें. यानें आपला पायमोजा काढला, तें त्यांत ओतलें आणि गरगर फिरवून फळीवर आपटलें. आवाज मनासारखा निघाला नाहीं तो नाहींच!

त्या कार्यक्रमांत लालकाका आणि बॅनर्जी नांवाचे दोन हिंदी गृहस्थहि असत. मिलिगन आणि सेलर्स मिळून त्यांची अखंड, निष्फळ चर्चा चालवीत. छावणींतल्या मुलाच्या कानांवर पडलेली ती बोली. सेलर्सहि युद्धकाळांत हवाई दलाच्या मनोरंजन-पथकाबरोबर हिंदुस्थानांत फिरला होता, आणि कान असा तीक्ष्ण कीं, एकदां ऐकलेला हेल तो विसरत नसे. पुढें १९६० आणि १९६८ सालच्या दोन चित्रपटांत त्यानें चेहर्‍याला रंग फांसून हिंदी माणूस उभा केला. तो पाहतांना आज आपणांस पूर्वीइतकें मोकळें हंसूं येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. सेलर्सला पात्र सांपडे तें आवाजांतून. आधीं आवाज, मग त्या आवाजाला साजेल अशी चाल, असा चेहरा. आवाज सांपडला नाहीं कीं तो भांबावून जाई. नभोवाणीवर घडलेल्या नटाचा हा स्वभाव लक्षांत ठेवावा.

आतां दिग्दर्शकाविषयीं. पीटर मेडाक हा बुडापेस्टचा. १९३७ च्या डिसेंबरांत जन्म. नाझींच्या अत्याचारांचे आणि युद्धाचे दिवस त्यानें बाळपणीं पाहिले. १९५६ सालीं हंगेरींतील उठाव रशियन रणगाड्यांनीं चिरडला, तेव्हां हा अठरा वर्षांचा मुलगा देश सोडून इंग्लंडांत आला आणि चित्रपटधंद्यांत अगदीं खालच्या पायरीपासून काम शिकला. १९७२ सालचा 'द रूलिंग क्लास' हा त्याचा चित्रपट फार गाजला. त्यांतील कामाबद्दल पीटर ओटूलचें नांव ऑस्कर पारितोषिकासाठीं पुढें आलें होतें. म्हणजे १९७३ सालीं हा पस्तिशीचा दिग्दर्शक यशाच्या ऐन पायरीवर उभा होता. अशा वेळीं एके दिवशीं लंडनच्या किंग्ज रोडवर सेलर्सची आणि त्याची गांठ पडली. आपण दोघांनीं मिळून एक चांच्यांचा चित्रपट करावा, असें सेलर्सनें सुचविलें. परदेशांतून रिकाम्या हातानें आलेल्या तरुणाला याहून मोठा सन्मान कोणता? सेलर्सबरोबर काम करणें सोपें नाहीं, अशा सूचना त्याला हितचिंतकांकडून मिळाल्या होत्या. त्यानें त्या ऐकल्या आणि होकार दिला.

कथा सिड फ्लाइशमन या अमेरिकन लेखकाच्या १९६५ सालच्या मुलांसाठीं लिहिलेल्या कादंबरीवरून घेतलेली. मध्यरात्रीच्या ठोक्याला जन्मलेल्या मुलाला भुतें दिसतात, या समजुतीवर ती उभारलेली आहे. खजिन्यावर भूत पहारा करीत असणार. तेव्हां भूत पाहूं शकणारा मुलगा पकडून आणला कीं खजिना सांपडलाच! चित्रपटांत सेलर्स हा डिक स्क्रॅचर नांवाचा गलबतावरचा आचारी. खजिना पुरून झाल्यावर तो कप्तानाचा काटा काढतो, स्वतः कप्तान होतो आणि मग खजिन्याची जागाच त्याला सांपडत नाहीं. कल्पना मोठी गमतीची आहे. कागदावर वाचून कोणीहि तिच्या मोहांत पडावें.

येथें जरा थांबून एक गोष्ट सांगतों. 'चांचा' हा शब्द इंग्रज मुलाच्या कानीं पडतो आणि आपल्या कानीं पडतो, यांत फरक आहे. आपल्या किनार्‍यावर तो शब्द राजकारणांतला. कान्होजी आंग्रे हा मराठ्यांचा सरखेल; पण मुंबईकर इंग्रजांच्या दप्तरांत त्याची नोंद चांचा म्हणून. उलट, १६९५ सालीं सुरतेच्या वाटेवर औरंगजेबाचें 'गंज-इ-सवाई' हें यात्रेकरूंचें जहाज लुटणारा हेन्री एव्हरी इंग्लंडांत लोककथांचा नायक झाला. इंग्रजी बाळपणांत चांचा शिरतो तो खेळण्याबरोबर: १८७९ सालचें गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचें पेन्झान्सच्या चांच्यांवरील संगीत नाटक, १८८३ सालीं पुस्तकरूपानें आलेली स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड', १९०४ सालच्या 'पीटर पॅन'मधील कप्तान हुक. लांकडी पाय, खांद्यावर पोपट, एका डोळ्यावर पट्टी. विनोदकाराला अर्धें काम आयतें करून मिळालेलें असतें. म्हणूनच या वाटेवर इतके शहाणे लोक फसतात.

चित्रणाचा मुक्काम सायप्रसच्या उत्तर किनार्‍यावरील किरीनिया या गांवीं होता. लहानसें अर्धवर्तुळाकार बंदर, शेजारीं व्हेनिसवाल्यांनीं मजबूत केलेला जुना किल्ला, मागें डोंगर. तेथून जवळच समुद्राच्या तळाशीं इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतलें एक ग्रीक व्यापारी गलबत सांपडलें होतें, आणि १९६८-६९ सालीं पाणबुड्या संशोधकांनीं तें फळीफळीनें वर काढलें होतें. बावीसशें वर्षें पाण्यांत राहूनहि त्या गलबताची लांकडें शाबूत होतीं. चित्रपटासाठीं आणलेलें गलबत मात्र बंदरांत शिरतांनाच धक्क्यावर आदळलें! तें हांकणारा कप्तान दारूच्या नशेंत होता, असें मेडाक सांगतो. कामाला सुरुवात व्हावयाच्या आंत मुख्य 'नट' दुरुस्तीला गेला.

समुद्रावर चित्रपट काढणें म्हणजे काय, हें जमिनीवरून कळत नाहीं. सकाळीं एका माणसाचा चेहरा टिपला, तेव्हां सूर्य डावीकडे होता आणि शिडाची सावली त्याच्या खांद्यावर होती. दुपारीं त्याला उत्तर देणार्‍या माणसाचा चेहरा टिपावयाचा, तर तीच सावली पाहिजे. पण मधल्या वेळांत सूर्य सरकला, वारा फिरला आणि गलबतानेंहि तोंड फिरविलें. क्षितिजावर एखादी मोटारलाँच दिसली कीं अठरावें शतक संपलें! ती दृष्टीआड होईपर्यंत साठ-सत्तर माणसांनीं उन्हांत बसावयाचें. वार्‍यामुळें संवाद नीट टिपले जात नाहींत, ते मागाहून बंद खोलींत पुन्हां बोलून घ्यावे लागतात. कोणाला गलबत लागतें, कोणाला ऊन बाधतें, आणि एखादी वस्तु किनार्‍यावर राहिली म्हणजे अर्धा दिवस गेला. विनोदाचें सारें सामर्थ्य तर योग्य क्षण साधण्यांत. सकाळीं आठ वाजतां सुचलेली थट्टा दुपारीं तीन वाजतां, विसाव्या वेळीं, ताज्या चेहर्‍यानें करून दाखवावयाची. 'गून शो'मध्यें जहाज उभें करावयास दोन भोंगे, थोडें पाणी आणि मिलिगनची एक ओळ पुरे. ऐकणारा आपल्या मनांत डोलकाठ्या उभारी आणि शिडें सोडी, आणि त्याचें तें जहाज कधीं धक्क्यावर आदळत नसे.

सेलर्स सायप्रसला आला तो उदास होऊन. लायझा मिनेली या नटीशीं जुळलेलें त्याचें प्रेम त्याच उन्हाळ्यांत कांहीं आठवड्यांतच संपलें होतें. आधींच्या दोन-तीन वर्षांतले त्याचे चित्रपट पडले होते. स्वभावानें तो कमालीचा शंकेखोर. ज्योतिष्यांना विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारा, आणि जांभळ्या रंगाची तर त्याला एवढी धास्ती कीं, तो रंग कोणाच्या अंगावर दिसला तरी तो बिथरे. अशा माणसानें पटकथा नव्यानें वाचली आणि त्याचा तिच्यावरचा विश्वास उडाला. येथें त्याच्याविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. पटकथा कच्ची होती, ही गोष्ट खरी होती, आणि ती त्याला इतरांच्या आधीं दिसली. पण दोष दिसल्यावर तो दुरुस्त करावा कीं सारें तारूंच बुडवावें? सेलर्सनें दुसरा मार्ग धरला. त्याला आधीं निर्माते नकोसे झाले, आणि त्यांना काढविल्यावर दिग्दर्शक नकोसा झाला. ज्या मेडाकला त्यानें आपण होऊन बोलाविलें, त्याला घालविण्याची खटपट त्यानें चालविली.

याच सुमारास तो एके दिवशीं छातींत कळ आली म्हणून पडला. मेडाकनें सांगितलेला हा प्रसंग विलक्षण आहे. १९६४ सालीं सेलर्सला खरोखरच एकामागून एक असे हृदयविकाराचे झटके येऊन तो मरणाच्या दारांतून परतला होता. त्यामुळें तो पडला म्हणजे त्यावर अविश्वास दाखविण्याची छाती कोणाला होणार? त्याला इस्पितळांत नेलें. काम थांबलें. सारे काळजींत. आणि थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत छायाचित्र झळकलें: सेलर्स लंडनच्या एका भोजनगृहांत राजकन्या मार्गारेट हिच्याबरोबर जेवत बसला आहे! तें चित्र पाहून मेडाकला काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. कडवट भाग असा कीं, सेलर्सचें हृदय खरेंच दुबळें होतें. पुढें १९८० च्या जुलैंत, चौपन्नाव्या वर्षीं, तो हृदयविकारानेंच गेला. लांडगा आला रे आला, अशी हांक मारणार्‍या पोराच्या मागें या खेपेस लांडगा खरोखरच होता.

अँथनी फ्रान्सिओझा हा अमेरिकन नट दुसर्‍या मुख्य भूमिकेंत होता. त्याचें आणि सेलर्सचें एवढें बिनसलें कीं, त्याच्याबरोबर एका चौकटींत उभें राहावयास सेलर्स तयार होईना. दोघांचे समोरासमोरचे प्रसंग! मग एकाचा चेहरा आज, दुसर्‍याचा उद्यां, आणि पाठमोरा म्हणून तिसराच कोणी. बडा नट पुढें आणि दिग्दर्शक त्याच्यामागें धांवतो, असा प्रकार झाला म्हणजे चित्रपटाचें कथानक कोणाच्याच हातीं राहात नाहीं.

शेवटीं मिलिगनला बोलावणें गेलें. जुना मित्र आला म्हणजे सेलर्स ताळ्यावर येईल, ही आशा. मिलिगन आला, त्यानें संवाद नव्यानें लिहिले, बिली बाँबेची भूमिका केली, आणि थोडा काळ हवा पालटली. दोघांचे जुने खेळ सुरू झाले. त्या खेळांना कथानकाची गरज नव्हती, हीच अडचण. 'गून शो'मध्यें कथानक उधळून लावणें हाच आनंद असे; येथें तर आधींच उधळलेलें कथानक गोळा करावयाचें होतें! अहमदनगरचा हा प्रतिभावान मनुष्य चित्रपट वांचवावयास आला आणि त्याच्या येण्यानें तो अधिकच विसकटला, असें मला वाटतें. त्याला दोष नाहीं. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेचा वेग आणि दीड तासाच्या चित्रपटाचा वेग यांत बैलगाडीचा आणि आगगाडीचा फरक आहे. कोणी कोणापेक्षां वाईट नव्हे, पण एकाचीं चाकें दुसर्‍याला बसत नाहींत.

या सर्वांत एक प्रसंग असा घडला कीं, तो कोणी नाटकांत घातला असता तर आपण अतिशयोक्ति म्हटली असती. चित्रण चालूं असतांनाच सेलर्स आणि मिलिगन यांनीं एका सिगारेट कंपनीची जाहिरात करण्याचें ठरविलें. दिग्दर्शन कोणी करावें? तर मेडाकनें, म्हणजे ज्याला घालवावयाचें होतें, त्यानेंच! मेडाकनें तेंहि केलें. सर्व सिद्धता झाल्यावर सेलर्सनें सिगारेटचें पाकीट हातांत धरण्यास नकार दिला. धूम्रपानविरोधी चळवळीशीं आपला संबंध आहे, तेव्हां आपण पाकिटाला स्पर्श करणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. मेडाक ही गोष्ट आज हंसत सांगतो.

चित्रण कसेंबसें संपलें. तुकडे जोडून चित्रपट तयार झाला, कोलंबियाच्या अधिकार्‍यांनीं तो पाहिला आणि प्रदर्शित करण्याजोगा नाहीं असें ठरविलें. १९८५ च्या सुमारास तो घरगुती चित्रफितीवर निघाला, तोंवर सेलर्स जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. सेलर्सला या अपयशाची झळ लागली नाहीं. १९७५ सालीं 'पिंक पँथर'च्या नव्या चित्रपटानें त्याला पुन्हां डोक्यावर घेतलें. हिशेब भरावा लागला तो मेडाकला. चित्रपट बुडाला म्हणजे दिग्दर्शकाला जहाज सांभाळतां आलें नाहीं, असा धंद्याचा सरळ निवाडा असतो. पुढचीं कित्येक वर्षें त्याला मनासारखें काम मिळालें नाहीं. दूरचित्रवाणीवरचीं कामें करून त्यानें दिवस काढले. १९८० च्या 'द चेंजलिंग' या भयपटानें तो पुन्हां उभा राहिला, आणि १९९० च्या 'द क्रेज'नें त्याचें नांव पुन्हां झालें. तरी सायप्रसचें शल्य गेलें नव्हतें.

किरीनियाचें म्हणाल, तर तेथें याहून फार मोठें दुःख वाटेवर होतें. चित्रण आटोपून वर्ष पुरें झालें नाहीं तोंच, २० जुलै १९७४ रोजीं, तुर्की सैन्य त्या गांवाच्या पश्चिमेस किनार्‍यावर उतरलें. बेटाचे दोन तुकडे झाले. गांवांतील ग्रीक रहिवासी घरेंदारें सोडून दक्षिणेकडे गेले, आणि त्या बंदराचें नांवहि बदलून 'गिर्ने' झालें. चित्रपटाच्या चित्रफितींत दिसणारें बंदर हें त्या फाळणीआधींच्या अखेरच्या वर्षाचें बंदर आहे. ज्या फितींत हंसण्याजोगें फारसें निघालें नाहीं, तिचें हें एक मोल कोणीहि योजलेलें नव्हतें.

समुद्रानें हा चित्रपट बुडविला काय? मला तसें वाटत नाहीं. दुसर्‍याच वर्षीं, १९७४ सालीं, अमेरिकेच्या पूर्व किनार्‍यावर स्टीव्हन स्पीलबर्ग हा सत्तावीस वर्षांचा तरुण 'जॉज' काढीत होता. ५५ दिवसांचें काम १५९ दिवसांवर गेलें, खर्च दुपटीच्या वर गेला, यांत्रिक शार्क मासा खार्‍या पाण्यांत वारंवार बंद पडे. तेथील हालअपेष्टा सायप्रसहून कमी नव्हत्या. पण तेथें मासा बिघडला, तर तो न दाखवितां भीति कशी दाखवावी याचा विचार दिग्दर्शक करूं शकला, आणि तो विचार अमलांत आणण्याचा अधिकार त्याच्यापाशीं होता. सायप्रसमध्यें चित्रपटाला पैसा मिळाला होता तो सेलर्सच्या नांवावर. सेलर्स गेला तर पैसा गेला. मेडाक गेला तर दुसरा मेडाक आणतां येत होता. अशा स्थितींत 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार उरतो कोणाला? पटकथा पुरी होण्यापूर्वीं कामाला लागूं नये, हें मेडाकला कळत नव्हतें असें नाहीं. किंग्ज रोडवरच्या त्या दुपारीं त्याला तें म्हणावेसें वाटलें नाहीं, इतकेंच.

आणि गंमत पाहा. याच मेडाकनें १९७८ सालीं 'द ऑड जॉब' हा लहानसा चित्रपट केला. त्यांत प्रमुख नट ग्रॅहॅम चॅपमन. त्यानें आणि बर्नार्ड मॅकेना यानें मिळून त्याची पटकथा लिहिली होती. पुढें पीटर कुक याला बरोबर घेऊन याच दोघांनीं चांच्यांच्या विनोदी चित्रपटाची दुसरी पटकथा रचली, ती 'यलोबिअर्ड'. कीथ मून हा वाद्यवृंदांतला प्रसिद्ध तालवादक आणि चॅपमन यांच्या मैत्रींतून निघालेली ती कल्पना. मून १९७८ च्या सप्टेंबरांत, बत्तीसाव्या वर्षीं वारला. कल्पना मात्र हिंडत राहिली आणि १९८२ सालीं इंग्लंड व मेक्सिको येथें तिचें चित्रण झालें. या खेपेस गलबत उत्तम होतें: १९६२ सालच्या एका भव्य चित्रपटासाठीं कॅनडांत बांधलेलें 'बाउंटी'. नटांची यादी तर अशी कीं वाचणारानें थक्क व्हावें. तिच्यांत सायप्रसचे दोन जुने गडी पुन्हां होते: पीटर बॉइल आणि, अगदीं छोट्या कामांत, आपला मिलिगन. २ डिसेंबर १९८२ रोजीं मेक्सिको शहरांत विनोदी नट मार्टी फेल्डमन हृदयविकारानें एकाएकीं गेला. वय अवघें अठ्ठेचाळीस. उरलेलें काम बदली माणूस उभा करून पुरें करण्यांत आलें. १९८३ सालीं, म्हणजे 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपानें आल्यास बरोबर शंभर वर्षें होत असतां, हा चित्रपट लागला आणि पडला. त्याची जुळणी ज्या रीतीनें झाली, ती खुद्द चॅपमनलाहि पसंत नव्हती. तें 'बाउंटी' गलबत मात्र पुढें तीस वर्षें समुद्रावर हिंडलें. २०१२ च्या ऑक्टोबरांत 'सँडी' वादळांत अमेरिकेच्या किनार्‍याजवळ तें बुडालें. त्याचा कप्तान परत आला नाहीं, आणि खलाशांपैकीं एका स्त्रीलाहि प्राणास मुकावें लागलें.

मेडाक ऐंशीच्या घरांत आला तेव्हां त्यानें एक विलक्षण काम केलें. आपल्या बुडालेल्या चित्रपटावरच त्यानें माहितीपट काढला. 'द घोस्ट ऑफ पीटर सेलर्स' हा २०१८ सालचा. त्यांत तो पुन्हां सायप्रसला जातो, बंदरावर उभा राहतो, हयात असलेल्या सोबत्यांना एकेक करून गांठतो आणि प्रत्येकाला आडून आडून एकच गोष्ट विचारतो: यांत माझा दोष किती? चाळीसांहून अधिक वर्षें लोटल्यावर मनुष्य हा प्रश्न विचारतो, आणि विचारतांना त्याचा कंठ दाटून येतो. सोबती त्याला धीर देतात. सेलर्सविषयीं त्याच्या बोलण्यांत राग आहे, पण द्वेष नाहीं. असा नट पुन्हां होणार नाहीं, ही कबुली त्याच्या तोंडून सुटतेच.

मूळ चित्रपटाची चित्रफीत आज शोधणार्‍याला सांपडते. ती पाहावी असा आग्रह मी करणार नाहीं. कथानक जागजागीं तुटतें, गलबत कोठें निघालें आहे तें उमगत नाहीं, आणि सेलर्सच्या डोळ्यांत कंटाळा स्पष्ट दिसतो. परंतु पाहण्याचा योग आलाच, तर सेलर्स आणि मिलिगन समोरासमोर येतात त्या वेळीं क्षणभर डोळे मिटून घ्यावे. सेलर्सनें डिक स्क्रॅचरसाठीं आयरिश धाटणीचा एक आवाज काढला आहे, आणि मिलिगन त्याला त्याच जुन्या चपळाईनें उत्तरें देतो. डोळे मिटल्यावर तो बेत पुष्कळच बरा लागतो.